कोकिळेचा नेम आणि नॅचरलिस्ट पाहुणा

चतुराबाईचा आवाज इतका मऊ, की घरात नवीन आलेलं माणूस पहिले दोन दिवस "काय म्हणलात?" एवढंच विचारत राहायचं. शेजारच्या केशरबाई तर म्हणायच्या, "या बाईनं चोराला जरी हाळी दिली ना, तरी चोराला वाटंल, कुणी जेवायलाच बोलवून राह्यलंय." पण त्या मऊ आवाजातला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तिचा नवरा मच्छिंद्र बाजारात, बैठकीत चारचौघांना ऐकू जाईल असं बोलायचा. घरात मात्र बायको हळूच "न्हाई" म्हणाली की विषय संपला.

तिचे नेम पुष्कळ. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, गाईला घास दिल्याशिवाय भाकरी नाही, सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा. मच्छिंद्र पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या घरात कॅलेंडर लागतच न्हाई. चुलीवर काय शिजून राह्यलंय ते बघितलं की तिथी कळती."

त्या वर्षी आषाढ दोनदा आला. आषाढ दोनदा येतो तेव्हाच कोकिळेचं व्रत येतं, आणि ते काही दर दोन-चार वर्षांनी येत नाही. मागच्या वेळी सासूबाईंनी केलेलं चतुराबाईनं पाहिलं होतं. शालू तेव्हा मांडीवर होती. सासूबाईंनी सगळं शिकवून ठेवलं होतं. आषाढातल्या पुनवेपासून राखीच्या पुनवेपर्यंत रोज तीळ-आवळ्याचं उटणं लावून अंघोळ करायची. तिळाच्या लगद्याची एवढीशी कोकिळा करून पाटावर मांडायची, तिला फूल वाहायचं, कहाणी वाचायची. बापानं केलेला नवऱ्याचा अपमान सहन न होऊन सतीनं यज्ञात उडी घेतली, मग ती कोकिळा होऊन रानात राहिली आणि पुढं पार्वती होऊन जन्माला आली, ती कहाणी. आणि मग थांबायचं. खरी कोकिळा कुठंतरी बोलेल, ती कानांनी ऐकायची, तेव्हा जेवायचं. दिवसातून एकदा.

पहिले काही दिवस कोकिळेनं चतुराबाईला जराही उपाशी ठेवलं नाही. महादेवाच्या देवळामागच्या निंबात ती पहाटेपासूनच सुरू व्हायची. कधीकधी तर कहाणी संपायच्या आधीच. "थांब गं माय, आरती होऊ दे," असं चतुराबाई तिला मनातल्या मनात म्हणायची.

श्रावण लागला आणि कोकिळा कमी बोलायला लागली. आधी दुपार व्हायची, मग दिवस कलायचा. एक दिवस तर दिवेलागण झाली तरी नाही. त्या दिवशी चतुराबाई तांब्याभर पाणी प्यायली आणि देवाला हात जोडून आडवी झाली. मच्छिंद्रच्या घशाखाली भाकरी उतरेना. तरी दोन उतरल्याच, पण चव नव्हती.

"अगं, आसं कुठं देव म्हनतो का, उपाशी मर म्हनून?" तो म्हणाला.

"देव न्हाई म्हनत. म्या म्हनले होते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र सकाळच्याच बसनं अंबडला गेला. काय काम होतं ते त्यानं सांगितलं नाही. आणि बघा देवाची करणी, त्याच्या पुढच्या दिवसापासून कोकिळा थेट चतुराबाईच्या अंगणातल्या निंबात येऊन बोलायला लागली! तेही कसं, पूजा झाली, कहाणी झाली, चतुराबाईनं पदरानं हात पुसले, की लगेच "कुऊऽ कुऊऽ". चतुराबाईच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती डोळे मिटून, हात जोडून ऐकायची. मच्छिंद्र त्या वेळी नेमका गोठ्यामागं गेलेला असायचा. "तुमी कधीच न्हाई ऐकत," ती हळहळायची. तो म्हणायचा, "मला म्हशीपाठीमागूनबी येतं की ऐकू."

हे असं सुखाचं चाललेलं असताना चतुराबाईच्या भावाचा, राधेश्यामचा फोन आला. शालूसाठी स्थळ. घर बदनापूरचं, चार एकर शेती, माणसं साधी, घरात पोरगा आणि त्याची आई. पोराचं नाव राजानंद.

"चातुर्मासात कुठं स्थळं बघत्यात का रे?" चतुराबाई म्हणाली.

"अक्का, लग्न दिवाळीनंतर. पन पोरगा आत्ताच गावाकडं असतो. पावसाळ्यात जंगल बंद राहतं ना, म्हनून सुट्टी हाय त्याला."

"जंगल बंद? जंगलाला काय दारं अस्त्यात?"

"तो तिकडं ताडोब्याच्या वाघांच्या जंगलापाशी हॉटेलात काम करतो. नॅचरलिस्ट हाय."

फोन ठेवला आणि घरात त्या शब्दाचं गुऱ्हाळ सुरू झालं. मच्छिंद्रनं फक्त हॉटेल ऐकलं होतं. "म्हंजे गिऱ्हाइकाला पानी देनार. असू दे. कष्टाचंच काम हाय." केशरबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "न्हाई हो. त्ये नॅचरवाले म्हंजे पोटावर चिखल लिंपत्यात. माझ्या भावाला नेल्तं एकदा. आठ दिवस काकडी खायाला घातली अन् वर पैशे घेतले." शालू कोपऱ्यात तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती. ती बदनापूरलाच कॉलेजला होती आणि एका मैत्रिणीच्या लग्नात तिनं राजानंदला पाहिलेलं होतं. ती काही बोलली नाही. पण बोलली नाही ती अशी, की आईला सगळं कळलं. चतुराबाईला वाटलं, चिखल लिंपो नाहीतर पाणी देवो, पोरीला आवडलाय. देवा, आता तूच जुळव.

खरा घोळ पायलनं घातला. पायल केशरबाईंची सून, जालन्याला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेली. ती ताक न्यायला आली आणि शब्द ऐकून म्हणाली, "नॅचरलिस्ट? काकू, आमच्या पुस्तकात होता की. जे म्हणतात ना, निसर्ग हाय तेवढाच हाय, त्याच्यावर कुणी न्हाई. देव न्हाई, भूत न्हाई, व्रत न्हाई, काहीच न्हाई. त्यांना म्हणतात."

चतुराबाईच्या हातातली ताकाची पळी तशीच राहिली.

"देव न्हाई?"

"न्हाई म्हणतात ते."

"मंग संध्याकाळी दिवा कुनापुढं लावत्यात?"

"ते न्हाई दिलेलं पुस्तकात," पायल म्हणाली. ती ताक घेऊन गेली.

त्या रात्री चतुराबाईनं फार विचार केला नाही; तिची रीत ती नव्हती. देवापुढं बसली आणि सरळ म्हणाली, "पोरगी तुझ्या दिव्याच्या उजेडात वाढली. ज्या घरात दिवा न्हाई तिथं म्या तिला देनार न्हाई. पन माझ्या मनानं न्हाई ठरवनार. त्यालाच इचारीन." सकाळी मच्छिंद्रला तसंच सांगितलं.

"अगं, पाव्हन्याला आल्याआल्या देव मानतो का म्हनून इचारायचं? काय म्हनत्याल लोक?"

"हळूच इचारीन."

"तू कवा जोरात इचारलंय?" मच्छिंद्र म्हणाला आणि डोकं खाजवत बाहेर गेला.

रविवारी पाहुणे आले. राजानंद उंच, उन्हानं रापलेला, आणि त्याची आई गिरिजाबाई ठेंगणी, बोलकी, हातात पेढ्यांचा पुडा. राधेश्याम मधे बसून दोन्हीकडून हसत होता. शालूनं पोहे आणले, चहा आणला. गिरिजाबाईनं तिला शेजारी बसवून घेतलं आणि नाव-गाव न विचारता "तुला भाकरी येती का थापता? मला आता खांदा दुखतो" असं विचारलं. शालू म्हणाली, "येती. पण गोल न्हाई येत कधीकधी." "खायाला गोल कशाला लागती?" गिरिजाबाई म्हणाल्या, आणि तिथंच त्यांचं अर्धं जमलं.

चतुराबाई मात्र जेवलेली नव्हती. पूजा झाली होती, कोकिळा अजून बोललेली नव्हती. पाहुण्यांनी फार आग्रह केला तेव्हा तिनं व्रताचं सांगितलं. गिरिजाबाईनं हात जोडले. राजानंदनं मान वर केली आणि एकदम उत्सुकतेनं विचारलं, "अजून बोलती का तुमच्याकडं? आमच्याकडं तर आठ दिवस झाले, गप झाली."

"आमच्या अंगणातच येती ना," चतुराबाईचा चेहरा उजळला. "रोजच्या रोज. देवाची दया."

मच्छिंद्र उठला. "म्हशीला पेंड टाकून येतो," म्हणाला आणि गोठ्याकडं गेला.

थोड्या वेळानं निंबातून आवाज आला. "कुऊऽ… कुऊऽ… कुऊऽ." चतुराबाईनं डोळे मिटले, हात जोडले. आवाज चढत चढत गेला, थांबला. मच्छिंद्र घाईघाईनं परत येऊन सतरंजीवर बसला. त्याच्या धोतराला पत्र्याचा गंज लागलेला होता आणि श्वास वर-खाली होत होता.

राजानंदच्या हातातला कप मधेच थांबला होता. तो निंबाकडं बघत होता. कान टवकारून, जनावर चाहूल घेतं तसा. त्याच्या तोंडावर आधी आनंद होता, मग बुचकळा, मग थोडं हसू, आणि मग ते हसूही त्यानं गिळून टाकलं.

चतुराबाईला वाटलं, हीच वेळ. ती म्हणाली, "तुमी तर जानकार. आमच्या कोकिळेचा आवाज कसा वाटला?"

तिच्या मागं बसलेल्या मच्छिंद्रनं दोन्ही हात जोडले. बायकोला दिसू नयेत असे, छातीपाशी. भुवया वर केल्या. राजानंदनं ते पाहिलं. शालूनंही पाहिलं. बापाकडं, राजानंदकडं आणि निंबाकडं आळीपाळीनं बघून तिनं तोंडावर ओढणी धरली.

"आवाज कोकिळेचाच हाय, मावशी," राजानंद म्हणाला.

"गोड हाय ना?"

"गोड हाय."

"आमच्या निंबाचं भाग्य म्हना."

राजानंदनं कप खाली ठेवला. गिरिजाबाईनं त्याला कोपरानं डिवचलं. पोराचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. तो खाली बघत होता. शालू त्याच्याकडं बघत होती. त्याला एवढंच म्हणायचं होतं, "हो मावशी," आणि स्थळ पक्कं होतं. राधेश्याम तर मनातल्या मनात वरातीची गाडी ठरवत होता.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "निंबात कोकिळा न्हाई."

चतुराबाईनं ऐकलं, पण तिला कळलं नाही. "काय म्हणलात?" आयुष्यात पहिल्यांदा तिनं दुसऱ्याला हे विचारलं.

"आवाजाच्या मागं एक शीळ येऊन राह्यली ना, मानसानं घातल्यावानी? ती शीळकरी कस्तुराची. तो पक्षी तिकडं कोकणाकडच्या घाटात राहतो. आपल्या भागात मी त्याला कधी ऐकलं न्हाई. अन्…" तो थांबला. "अन् शेवटी झाडातून टेम्पोचा हॉर्न वाजला."

"तो तर सडकेवरून…" चतुराबाई म्हणाली आणि थांबली. मग सावकाश मागं वळली.

मच्छिंद्रचे हात अजून जोडलेलेच होते.

"आवं," ती म्हणाली. एवढंच.

"अंबडला गेल्तो," मच्छिंद्र जमिनीकडं बघून बोलायला लागला. "बसस्टँडपाशी त्यो खुर्शीद मोबाइलमधी गानी भरून देतो. म्हनलं, बाबा, कोकिळा भर. तो म्हनला, चाचा, पूरा पिच्चर भरू का? म्हनलं, बिलकुल न्हाई, फकस्त कोकिळा. अन् रोज पत्र्यावर चढून फांदीला बांधून राह्यलो. तू दिवसभर उपाशी, माझ्या जिवाला घोर. मंग काय करू म्या? कोकिळेचे पाय धरू?"

राधेश्यामनं कपाळाला हात लावला. गिरिजाबाई पोराच्या कानाशी म्हणाल्या, पण त्यांचं कानाशी बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं, "तुला तोंड मिटता येत न्हाई का रे? वाघापुढं गप बसतो, सासूपुढं न्हाई?"

चतुराबाई उठली. कुणाला वाटलं आता रडेल, कुणाला वाटलं बोलेल. ती आत गेली आणि स्वतःसाठी वाढून ठेवलेल्या ताटावर परत झाकण ठेवून आली. "पाव्हने, तुमी जेवून घ्या," ती म्हणाली, नेहमीच्याच आवाजात. "माझं राहिलं. मागच्या दिवसांचंबी राहिलंच म्हनायचं."

"मावशी, तुमी जेवल्याशिवाय मीबी न्हाई," राजानंद म्हणाला. "माझ्यामुळं झालं. आपुन शोधू ना. तुमच्या गावात कावळ्याचं घरटं कुठं हाय?"

"कावळ्याचं?" राधेश्यामनं विचारलं. "कोकिळा पाह्यजे, जावईबापू. म्हंजे… पाव्हने."

"कोकिळेचा पत्ता कावळ्याच्याच घरी मिळतो, मामा."

शालू पहिल्यांदा बोलली. "विहिरीवरच्या चिंचेत हाय. यंदा कावळ्यांनी मला तिथून जाऊ दिलं न्हाई, डोक्यात टोचायचे."

मग काय, सगळी वरात विहिरीकडं निघाली. पुढं राजानंद आणि चतुराबाई, त्यांच्या मागं शालू आणि गिरिजाबाई, मागं राधेश्याम, आणि सगळ्यांत मागं, गुन्हेगारासारखा मच्छिंद्र. केशरबाईंनी कुंपणावरून विचारलं, "कुठं चाललात सगळे?" मच्छिंद्र म्हणाला, "कावळ्याकडं जेवायला." केशरबाईंनी भाकरी तव्यावरच सोडली आणि त्याही निघाल्या.

बांधानं चालताना दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला लागत होती. चतुराबाईनं मनातला प्रश्न तिथंच काढला. चालताना विचारलेलं टोचत नाही, असं तिला वाटलं.

"आमची पायल म्हनती, नॅचरलिस्ट म्हंजे देव न मानणारे."

"बराबर हाय तिचं," राजानंद म्हणाला.

चतुराबाईचा पाय अडखळला. शालूनं मागून तिचा दंड धरला.

"म्हंजे तसा अर्थ हाय," राजानंद घाईनं म्हणाला. "मावशी, हा शब्द म्हंजे एक चाळ हाय बघा. आमच्या ट्रेनिंगला एक म्हातारे सर होते, ते सांगायचे. एका खोलीत ते लोक, जे म्हनतात जगात जे घडतं ते निसर्गाच्याच नियमानं, वरून कुनी हात लावत न्हाई. दुसऱ्या खोलीत झाडं-पाखरं-किडेमुंग्या बघत बसनारे. तिसऱ्या खोलीत चित्रं काढनारे अन् गोष्टी लिहिनारे, जे म्हनतात, हाय तसंच दाखवायचं, रंगसफेदी न्हाई. अन् जिन्याखाली आमच्यासारखे, पाव्हन्यांना गाडीत बसवून वाघ दाखवनारे. पाटी सगळ्यांच्या दारावर एकच."

चतुराबाईनं आडवी आलेली कपाशीची फांदी बाजूला केली. मग म्हणाली, "मंग तुमी कुठं राहता?"

"जिन्याखाली. पन जीव सगळा पाखरांच्या खोलीत."

"अन् त्या पहिल्या खोलीत?"

"तिथं न्हाई राहत. पन खोटं कशाला सांगू, भिंती पातळ हायेत मावशी. त्यांचं बोलनं ऐकू येतं. कधीकधी पटतंबी."

मागून गिरिजाबाईंचा मोठा उसासा ऐकू आला. राधेश्याम म्हणाला, "झालं. गेलं स्थळ."

"दिवा लावता का?" चतुराबाईनं विचारलं.

"घरी असलो की मायच लावती. जंगलात खोलीवर गणपतीचा फोटू हाय. पहाटे गाडी सुरू करताना त्याला म्हनतो, देवा, वाघ दिसू दे."

"मंग?"

"कधी दिसतो, कधी न्हाई. न्हाई दिसला तर पाव्हने शिव्या मला देत्यात, त्याला न्हाई."

चतुराबाई हसली. तिचं हसूही आवाजासारखंच, शेजारच्यालाच कळेल एवढं. "अन् हा शब्द बांधला कुनी? ही चाळ?"

"लै जुनी हाय. परदेशातल्या जुन्या भाषेतली. सर म्हनायचे, वर खोल्या कितीबी वाढवा, पाया एकच हाय, तो म्हंजे जन्म. नॅचरलिस्टमधला नेचर, म्हंजे निसर्ग, हा शब्दच मुळात जन्म घेनं याच्यातनं आला म्हनत्यात. आपला जन्म शब्द अन् त्यांचा तो, पार मागं गेलं तर एकाच मायचे."

"जन्म," चतुराबाई म्हणाली. चिंच आली होती.

राजानंदनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. केशरबाई काही बोलणार होत्या, त्यांना शालूनं गप्प केलं. कावळीण एका उघड्या फांदीवर बसली होती. तिच्या समोर एक पिल्लू. काळपट, पण कावळ्याचं नव्हे. अंगावर फिकट ठिपके, शेपटी लांब, चोच वेगळीच. ते पंख थरथरवत तोंड उघडून असं काही किंचाळत होतं, की विहिरीतून पडसाद येत होता. "क्याँऽ क्याँऽ क्याँऽ!" कावळीण खाली उतरायची, बांधावरून काहीतरी टिपायची, वर जाऊन त्या लाल तोंडात कोंबायची. गिळलं की परत "क्याँऽ!"

"हे कोकिळेचं," राजानंद हलक्या आवाजात म्हणाला. "अंडं तिनं घातलं, वाढवून ही राह्यली. पिल्लं उडायला लागली की गानं थांबतं. म्हनून तुमची कोकिळा गप झाली, मावशी. रुसली न्हाई."

"येडीच की हो ही कावळीण!" केशरबाईंना राहवलं नाही. "दुसऱ्याचं पोर हाय, कळत न्हाई का तिला?"

"भुकेलं हाय एवढं कळतं," चतुराबाई म्हणाली.

गिरिजाबाई मान वर करून ऐकत होत्या. "पन काय रे, हे तर कावळ्यावानीच वरडतंय. ह्याच्यावर ताईचं व्रत कसं सुटायचं?"

सगळ्यांनी राजानंदकडं पाहिलं. मच्छिंद्र तर अशा नजरेनं, जणू निकाल याच्याच हातात आहे. "हो म्हन बाबा," तो पुटपुटला.

राजानंदनं मान हलवली. "हे पिल्लू कोकिळेचं हाय, एवढं मी सांगू शकतो. व्रताला चालतं का न्हाई, ते मला न्हाई सांगता येनार. ते माझ्या खोलीतलं न्हाई."

चतुराबाई त्याच्याकडं बघत राहिली. पोटात सकाळपासून काही नव्हतं, ऊन डोक्यावर होतं, आणि तिला एकदम फार हलकं वाटलं. याला आज तीनदा खोटं बोलायची संधी आली होती. तिन्ही वेळा गोड खोटं, कुणाचंही न बिघडवणारं, त्याचं भलंच करणारं. आणि तिन्ही वेळा त्यानं आपल्याला ठाऊक तेवढंच सांगितलं आणि पुढं मुकाट उभा राहिला. आपल्या घरातल्या मोठ्या आवाजाच्या माणसाला सुद्धा हे जमलं नव्हतं, आणि त्याचा तर जीव होता आपल्यावर.

वर पिल्लानं पुन्हा तोंड उघडलं. सती कोकिळा झाली ती कशासाठी, चतुराबाईच्या मनात आलं. पुढं जन्म घ्यायचा होता म्हणून. आणि हे तर आत्ता जन्मलेलं, ओलं, भुकेलं, कर्कश. तिनं पदर डोक्यावरून घेतला, डोळे मिटले आणि हात जोडले. "क्याँऽ!" पिल्लू ओरडलं.

"सासूबाई म्हनल्या होत्या, कोकिळा बोललेली ऐकायची," ती डोळे उघडून म्हणाली. "गोडच बोलली पाह्यजे, असं न्हाई म्हनल्या."

राधेश्यामनं टाळी वाजवली आणि कावळीण त्याच्या डोक्यावरून झपकन गेली. सगळे पळाले. बांधावरून पळताना गिरिजाबाईंची चप्पल तुटली, त्यांना शालूनं हाताला धरून आणलं, आणि घरी येईपर्यंत दोघी अशा बोलत होत्या की जणू वर्षानुवर्षं एकाच चुलीवर होत्या.

जेवायला सगळे एकाच पंगतीला बसले. चतुराबाईनं पहिला घास घेतला, मग राजानंदनं. तिनं त्याच्या ताटात आणखी एक पुरणाची पोळी वाढली. त्यानं नको म्हणून हात आडवा धरला तर म्हणाली, "जावयानं न्हाई म्हनू न्हाई."

शालूच्या हातातून तुपाची वाटी कलंडली. राधेश्याम ओरडला, "अक्का, म्हंजे पक्कं?" गिरिजाबाईंनी पेढ्यांचा पुडा जेवतानाच फोडला.

"एक अट हाय," चतुराबाई म्हणाली. पंगत थांबली. "दिवा शालू लावंल. तुमी हात जोडा, न्हाईतर नका जोडू. पन जे असंल ते खरं सांगत जा तिला. आज सांगितलं तसं."

"सांगीन, मावशी," राजानंद म्हणाला.

"अन् माझी पोळी?" मच्छिंद्रनं ताट पुढं केलं.

"तुमची पन अट हाय." चतुराबाईचा आवाज इतका मऊ झाला, की मच्छिंद्रनं ताट हळूच मागं घेतलं. "तुमच्या त्या खुर्शीदच्या कोकिळेवर म्या जितके दिस जेवले, तितके दिस आता राखीनंतर व्रत करनार. अन् ह्या टायमाला तुमी संगं. माझ्यासंगं थांबायचं, माझ्यासंगं जेवायचं."

म्हणून राखी पुनव झाल्यावरही गावाला रोज दुपारी एक दृश्य दिसायचं. विहिरीवरच्या चिंचेखाली चतुराबाई शांत बसलेली, हातात माळ. आणि शेजारी मच्छिंद्र, कधी उभा, कधी बसलेला, मान वर करून, दोन्ही हात कमरेवर. राजानंद दुपारी फोन करायचा, पिल्लू दिसलं का, कावळीण भरवती का, विचारायचा, आणि मग फोन शालूला द्यावा लागायचा. पिल्लू आता मोठं झालं होतं, स्वतः किडे टिपायला शिकलं होतं, आणि पहिल्यासारखं ओरडेनासं झालं होतं.

"अगं माय, बोल ना गं एकदा," मच्छिंद्र चिंचेला म्हणायचा. "इकडं माझ्या पोटात कावळे वरडून राह्यले!"

"ते न्हाई चालत," चतुराबाई माळेचा मणी सरकवत म्हणायची. "कोकिळाच पाह्यजे."